चौदा दिवसांची नोटीस आली कुठून?

२१ नोव्हेंबर २०२५ला जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या, आणि आमच्या इंदुरात सांवेर रोडपासून पीथमपूरपर्यंत कामाला जाणाऱ्यांच्या घरांत एक प्रश्न फिरू लागला: संपाआधी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागेल, हे नवीन आहे का? नियमाची व्याप्ती नवीन आहे, कारण आता तो प्रत्येक कारखान्याला लागू आहे. चौदा दिवस मात्र १९२९चे आहेत. बेकायदा संपाला एक महिन्यापर्यंतचा तुरुंगवास, हेही १९२९चंच. ज्या सरकारने हे आकडे ठरवले, त्याला कामगारांकडून काय हवं होतं ते कळलं, की आजच्या संहिता वाचणं सोपं जातं.

उचल घेतली आणि आला नाही

घराला रंग द्यायचा म्हणून तुम्ही रंगाऱ्याला दोन हजार रुपये उचल दिलीत. तो दोन दिवस आला आणि मग यायचा बंद झाला. तुम्ही फोन कराल, भांडाल, फार तर पैशासाठी दिवाणी दावा लावाल. काम अर्धवट सोडलं एवढ्यासाठी पोलीस त्याला पकडून नेणार नाहीत.

१८५९च्या तेराव्या कायद्याखाली नेलं असतं. उचल घेतलेल्या कारागिराने किंवा मजुराने काम सोडलं, तर मालक थेट मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकत होता. मॅजिस्ट्रेट हुकूम करायचा, पैसे परत कर नाहीतर कामावर जा. हुकूम मोडला की तीन महिन्यांपर्यंत कैद. उलट मालकाने मजुरी बुडवली, तर या कायद्यात मालकाला कैद नव्हती. करार एकच होता, पण तो एका बाजूने मोडला तर गुन्हा आणि दुसऱ्या बाजूने मोडला तर नुसता पैशाचा तंटा. कलकत्त्यातल्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून झालेला हा कायदा पुढे आसामच्या चहामळ्यांतही वापरला गेला.

खुद्द इंग्लंडमध्ये काम सोडण्याचा गुन्हा १८७५मध्ये रद्द झाला. इथे तो रद्द व्हायला १९२५ उजाडलं. त्याच सरकारला आपल्या घरी जे अन्यायाचं वाटलं, ते इथे आणखी पन्नास वर्षं चाललं.

तास मोजायला सुरुवात

१८८१मध्ये पहिला कारखाना कायदा आला. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा जास्त माणसांच्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा, हा त्याचा गाभा. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो: इंग्रजांनीच मजुरांना संरक्षण दिलं आणि विरोध आपल्या गिरणीमालकांनी केला, नाही का? विरोध केला हे खरं आहे, आणि राष्ट्रीय बाण्याच्या अनेक वृत्तपत्रांनीही केला. कायद्यासाठी विलायतेत जोर लावणाऱ्यांमध्ये लँकेशरचे कापडमालक होते, कारण मुंबईची स्वस्त गिरणी त्यांच्या धंद्याला टोचत होती. दया आणि धंदा दोन्ही त्या कायद्यात मिसळलेले होते. पण विलायतेचे मालक आणि मुंबईचे मालक यांच्या या वादात कामगाराला कोणी विचारलं नव्हतं. ती उणीव नारायण मेघाजी लोखंडे यांनी भरून काढली. १८८४मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, पाच हजारांवर सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला आणि १८९०मध्ये मुंबईच्या मालकांकडून रविवारची सुटी मिळवली. कायद्यात साप्ताहिक सुटी आली ती त्यानंतर, १८९१मध्ये.

पुढचे टप्पे भराभर सांगता येतात. १९११मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा. १९२२मध्ये दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास. १९३४मध्ये १० आणि ५४. आठवड्याला ४८ तास आले १९४६मध्ये.

पण इंदूर तर होळकरांचं होतं

होय, आणि ही गोष्ट बहुतेक लेखांतून सुटते. कलकत्त्यात किंवा दिल्लीत झालेला कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असे. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या राज्यांत तो आपोआप लागू होत नसे. इंदूरच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्याच्या हद्दीत, महूच्या छावणीत आणि रेल्वेच्या जमिनीवर इंग्रजी अंमल होता. मिलचा भोंगा वाजे तो होळकरांच्या हद्दीत. एकाच गावात थोड्या अंतरावर कायदा बदलत होता.

दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळातली सरकारी मिल, १९०९ची मालवा मिल, त्यानंतरची हुकुमचंद मिल, या सगळ्यांवर दरबारचा हुकूम चाले. संस्थानं इंग्रजी कायद्याच्या नमुन्यावर आपापले नियम करत, पण कधी करायचे आणि किती कडकपणे पाळायचे हे दरबार ठरवी. १९१९मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कामाच्या तासांचा करार केला. त्यात साठ तासांच्या आठवड्याचं जे कलम आहे, त्याचे शब्दच ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ असे आहेत. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहणाऱ्या विणकराला त्या कलमाचा आधार नव्हता.

म्हणून आपल्याकडे कामगार कायदा उशिरा आला आणि आला तो तयार साचा म्हणून. होळकर राज्य १९४८मध्ये मध्य भारतात विलीन झालं, १९५६मध्ये मध्य प्रदेश झाला आणि १९६०मध्ये राज्याचा औद्योगिक संबंध कायदा झाला. त्याचा सांगाडा मुंबईच्या १९४६च्या कायद्याचा, आणि मुंबईच्या त्या कायद्याचं मूळ १९३८च्या एका वादग्रस्त कायद्यात. त्याच्याकडे पुढे येऊ.

संघटना म्हणजे कट?

चार जणांनी मिळून ‘उद्या कामाला जायचं नाही’ असं ठरवलं, तर कायद्याच्या जुन्या चष्म्यातून तो कट ठरू शकत होता. नुसती भीती नव्हती ही. १९१८मध्ये मद्रास लेबर युनियन उभी राहिली. १९२०मध्ये बकिंगहॅम अँड कर्नाटक मिलच्या वादात मालक उच्च न्यायालयात गेले. युनियनचे पुढारी कामगारांना करार मोडायला लावतात, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने बी. पी. वाडिया यांच्यासह पुढाऱ्यांवर मनाईहुकूम काढला. म्हणजे युनियन चालवायची, पण कामगारांना संपाचा सल्ला द्यायचा नाही. डॉक्टरने दवाखाना उघडावा पण औषध सांगू नये, तसं.

त्यावर कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२१मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात ठराव मांडला आणि पाच वर्षांनी, १९२६मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. त्याने सात माणसं मिळून युनियन नोंदवू शकत. नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर, योग्य कारणासाठी केलेल्या सल्लामसलतीबद्दल, कटाचा खटला नाही आणि करार मोडायला लावल्याचा दिवाणी दावाही नाही. माझ्या मते त्या सगळ्या काळातला कामगारांच्या सर्वांत कामाचा कायदा हाच. मात्र युनियनशी बोलायलाच हवं असं बंधन त्याने मालकावर घातलं नाही. नोंदणीचा दाखला युनियनच्या कपाटात राही आणि मालकाचं दार बंदच राही.

चौकशी, समेट, लवाद, निवाडा

या चार शब्दांत फार गल्लत होते, म्हणून एकदाच नीट पाहू. दोन भावांत सामाईक भिंतीवरून भांडण आहे असं धरा.

कोणी येऊन भिंत मोजली, कागद पाहिले, कोणाचं म्हणणं कुठे खरं ते लिहून दिलं, ती चौकशी. मामा दोघांना समोरासमोर बसवून ‘तू एक फूट सोड, तू अर्धा सोड’ म्हणत राहिला, तो समेट. समेटात मामाचं ऐकायचं की नाही हे भावांच्या हातात असतं. दोघांनी आधीच कबूल केलं की काका म्हणतील ते मान्य, तो लवाद. आणि दोघांना विचारो न विचारो, कोर्टाने निकाल दिला आणि तो पाळावाच लागला, तो निवाडा.

लवादाचं ठळक उदाहरण अहमदाबादचं आहे. १९१८मध्ये प्लेगच्या काळातला वाढीव भत्ता बंद झाला. कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडले. संप झाला, गांधीजींनी उपोषण केलं आणि प्रश्न आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाकडे गेला. त्यांनी ३५ टक्के दिले. यात सरकारची सक्ती कुठेच नव्हती. वसाहतीच्या सरकारला स्वतःचा हात आत घालायचा होता. तो घातला १९२९मध्ये.

बॉम्ब आठवतो, विधेयक आठवत नाही

८ एप्रिल १९२९ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या विधिमंडळात बॉम्ब टाकला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्या क्षणी सभागृहात काय चाललं होतं? औद्योगिक तंट्यांचं विधेयक नुकतंच मंजूर झालं होतं आणि सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर अध्यक्ष निर्णय देण्याच्या बेतात होते.

त्याआधीच्या वर्षी मुंबईच्या कापड गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते आणि त्यातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. सरकारने एका हाताने २० मार्च १९२९ला मीरत कट खटल्यासाठी कामगार पुढाऱ्यांना पकडलं आणि दुसऱ्या हाताने हा कायदा केला.

कायद्यात दोन संस्था होत्या, चौकशी न्यायालय आणि समेट मंडळ. दोन्हींचा अहवाल कोणावरही बंधनकारक नव्हता. बंधनकारक होतं ते वेगळंच. रेल्वे, टपाल, वीज, पाणी अशा लोकोपयोगी सेवेतल्या मासिक पगाराच्या माणसाने चौदा दिवसांची लेखी नोटीस न देता संप केला, तर एक महिन्यापर्यंत कैद, किंवा ५० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय आपल्या धंद्यातल्या तंट्यापलीकडचा हेतू असलेला आणि समाजाला त्रास देऊन सरकारला झुकवू पाहणारा संप थेट बेकायदा. एका गिरणीसाठी दुसऱ्यांनी काम थांबवायचं, तो पाठिंब्याचा संप यात सहज अडकत होता.

समेट ऐच्छिक आणि संपावरचा लगाम सक्तीचा, ही या कायद्याची रचना. सरकारला तंटा मिटण्यापेक्षा काम न थांबण्याची काळजी जास्त होती.

‘पण १९३८चा कायदा आपल्याच लोकांनी केला’

हा आक्षेप वजनदार आहे. मुंबई इलाख्यात तेव्हा बाळासाहेब खेर यांचं निवडून आलेलं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं आणि कामगार विषयात गुलझारीलाल नंदा संसदीय सचिव होते. नंदा अहमदाबादच्या मजूर महाजनातून, म्हणजे गिरणी कामगारांच्या संघटनेतून आलेले, कामगारांची कळकळ असलेले. तरीही त्यांच्या औद्योगिक तंटे कायद्याने समेटाची पूर्ण फेरी संपेपर्यंत संप बेकायदा ठरवला आणि मालकाची मान्यता असलेल्या संघटनेला नोंदणी सोपी करून दिली.

डॉ. आंबेडकरांचा विरोध मुद्द्याचा होता. संप म्हणजे फार तर नोकरीचा करार मोडणं. करार मोडल्याची भरपाई दिवाणी न्यायालयात होते, त्यासाठी माणसाला गुन्हेगार ठरवायचं कारण काय? वर १८५९चा रंगारी पाहिला, तोच प्रश्न नव्या कपड्यात आला होता. ७ नोव्हेंबर १९३८ला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि साम्यवाद्यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. त्या दिवशी गोळीबार झाला.

आपल्या माणसांनी केला म्हणून कायद्याचा साचा बदलत नाही. खुर्चीवर बसलेल्याला काम चालू ठेवायचं असतं, आणि आधीच्या सरकारची हत्यारं कपाटात तयार असतात. मुंबईच्या याच वाटेने ‘प्रातिनिधिक युनियन’ ही कल्पना इंदूरला आली. एका भागातल्या कापडधंद्यासाठी एकच युनियन अधिकृत. मालवा मिलच्या कामगाराची तक्रार असो की राजकुमार मिलच्या, बोलायची तीच. वाटाघाटी सोप्या होतात हे खरं. पण तिच्यावर विश्वास नसलेल्या कामगाराला दुसरी खिडकी राहत नाही.

युद्धातला नियम शांततेत

जानेवारी १९४२मध्ये भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम घातला गेला. सरकार संपाला मनाई करू शकेल, तंटा निवाड्याला पाठवू शकेल आणि निकाल बंधनकारक करू शकेल, असे अधिकार त्याने दिले. सैन्याला कापड आणि दारूगोळा हवा होता. युद्ध संपलं तरी नियम चालू ठेवला, आणि मार्च १९४७मध्ये त्याची वाढीव मुदत संपत होती. १ एप्रिल १९४७ला औद्योगिक विवाद कायदा लागू झाला. त्यात ८१-अचा गाभा होता. एक दिवसाचीही फट ठेवली नव्हती.

या मूळ कायद्यात न्यायाधिकरणाच्या, म्हणजे निवाडा देणाऱ्या संस्थेच्या, दाराची किल्ली सरकारकडे होती. सरकारने ‘संदर्भ’ केला, म्हणजे प्रकरण पाठवलं, तरच निवाडा. कामगार थेट जाऊ शकत नव्हता. नव्या औद्योगिक संबंध संहितेने ही किल्ली काढून घेतली आहे. समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत कोणताही पक्ष थेट न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. मला ही सुधारणा खरी वाटते.

रुपयामागे अर्धा आणा

मजुरीची कपात हा रोजच्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून इथे जरा थांबू. जुन्या गिरण्यांत ठाणाला डाग पडला, धागा तुटून जाळी राहिली, की ते कापड विणकराच्या माथी मारत आणि त्याची किंमत मजुरीतून कापत. उशीर झाला की दंड. वर भरती करणाऱ्या जॉबरची दस्तुरी, म्हणजे त्याचं कमिशन, वेगळं.

१९३६च्या मजुरी कायद्याने दंडाला माप लावलं: रुपयामागे अर्धा आणा. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे अर्धा आणा हा बत्तिसावा भाग, ३.१२५ टक्के. आजच्या वेतन संहितेत दंडाची मर्यादा ३ टक्के आहे. अर्ध्या आण्याचा अपूर्णांक काढून टाकला, एवढंच.

बाकीची चौकटही तीच आहे. कोणत्या चुकीला दंड, त्याची यादी आधी मंजूर करून लावलेली हवी. कामगाराला खुलाशाची संधी हवी. दंड हप्त्यांत कापायचा नाही. तेव्हा ६० दिवसांनंतर वसूल करता येत नसे, आता ९० दिवसांनंतर येत नाही. दंडाची नोंदवही हवी आणि जमलेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी वापरायला हवी. पगारपत्रकावर ‘दंड’ दिसला तर याच क्रमाने प्रश्न विचारावेत. यादी आणि खुलासा या दोन ठिकाणी मालकाची बाजू बहुतेक वेळा लंगडी पडते.

याच कायद्यात एक कलम होतं: दहा किंवा जास्त माणसांनी ठरवून, रीतसर नोटीस आणि सबळ कारण न देता गैरहजेरी लावली, तर प्रत्येकाची आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापता येईल. एक दिवस न आल्याबद्दल आठ दिवसांची कपात. एकटा माणूस गैरहजर राहिला तर फक्त त्या दिवसाचे पैसे जातात. इथे शिक्षा गैरहजेरीला नसून एकजुटीला आहे. हे कलम वेतन संहितेत आजही आहे.

नोटीस मागण्यात गैर काय?

पाणीपुरवठा किंवा दवाखाना असेल तर मला काहीच गैर वाटत नाही. पण नोटिशीचे चौदा दिवस प्रत्यक्षात कसे चालतात ते तारखा मांडून पाहा.

समजा युनियनने १ जूनला नोटीस दिली. १५ जून उलटेपर्यंत संप नाही. १० जूनला समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली. त्या क्षणी समेटाची कारवाई सुरू झाली असं कायदा धरतो, आणि ती चालू असताना संप बेकायदा. अधिकाऱ्याने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा, म्हणजे २४ जून. समेट संपल्यावर आणखी सात दिवस संपाला बंदी, म्हणजे १ जुलै. तोवर मालकाने न्यायाधिकरणात अर्ज केला, तर निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतर साठ दिवस पुन्हा बंदी.

म्हणजे जी किल्ली कामगाराच्या हातात आली, तीच मालकाच्याही हातात आली आहे, आणि तो तिने संपाचं दार लावू शकतो. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा घेतली, तर तोही संपच धरला जातो. बेकायदा संपाला दंड एक हजार ते दहा हजार रुपये, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९२९च्या पन्नास रुपयांना महागाई लागली, महिना तसाच राहिला. म्हणून युनियनने नोटीस देण्याआधीच मागण्यांचे कागद, हजेरीपट आणि पगारपत्रकं तयार ठेवावीत. पहिली बैठक ठरल्यावर धावाधाव करायला वेळ उरत नाही.

मिलच बंद पडली तर?

इंग्रजी काळातल्या या सगळ्या कायद्यांत एक गोष्ट गृहीत होती: मिल चालणार आहे, भीती आहे ती कामगार थांबण्याची. मालकच कायमचा थांबला तर काय, याची तयारी १९४७च्या मूळ कायद्यातही नव्हती. कामावरून कमी केल्याची भरपाई १९५३मध्ये आली, कारखाना बंद झाल्याची १९५७मध्ये, आणि बंद करण्याआधी सरकारी परवानगीची अट १९७६मध्ये. ती परवानगी आता ३०० कामगारांपासून पुढे लागते.

इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडल्या तेव्हा संपाची कलमं कोणाच्या कामाची नव्हती. प्रश्न थकलेल्या पैशांचा होता, आणि तो कामगार न्यायालयातून निघून कंपनीच्या दिवाळखोरीच्या रांगेत गेला. तिथे बँका होत्या, सरकारी देणी होती, जमिनीचा वाद होता. हुकुमचंद मिल १९९१-९२च्या सुमारास बंद झाली. तिच्या ४,८०० कामगारांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला २५ डिसेंबर २०२३ला. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत कित्येक कामगार वारले, आणि त्यांच्या वारसांना आधी वारस असल्याचे कागद जमवावे लागले.